बरणीतली काळी वाळू

सकाळी नळ आला की माझी आई घरातलं सगळं शिळं पाणी ओतून देते. हंडा, कळशी, माठ, एकही भांडं सुटत नाही. गुजराती मुलखात, भेस्तानला येऊन इतकी वर्षं झाली, पण ही खानदेशातली सवय काही सुटली नाही. त्या सकाळी तिने माझी बरणीसुद्धा सोडली नाही.

बरणीत डुमसच्या किनाऱ्यावरची काळी वाळू होती आणि वर बोटभर समुद्राचं पाणी. वाळूच्या कणांमधल्या फटींत कोळंबीच्या जातीचे जीव राहतात, इतके बारीक की नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. माझा एमएस्सीचा सगळा प्रकल्प त्यांच्यावर. दुपारी बाहेरचे परीक्षक यायचे होते आणि माझ्या मार्गदर्शक मॅडमनी गुजरातीत बजावलं होतं, "जीवता जोईए, मरेला नहीं." मेलेले दाखवले की वर्ष गेलंच म्हणून समजा.

मी आंघोळ करून आले तर बरणीतलं पाणी लख्ख!

"आई, हे काय केलंस?"

"वास मारत होतं व ते. बदली टाकं मी."

"नळाचं पाणी? अगं, मरतील ना सगळे!"

"नुसतं कसं टाकसू? मीठ टाकेल शे. चाखीसन टाकं."

माझं डोकंच फिरलं. वरणात घालतात तसं मीठ घातलं की समुद्र होतो होय? मी तोंडाला येईल ते बोलले. तिकडे भरती लागलेली, डुमसला धावत गेले असते तरी माझी वाळू घ्यायची जागा पाण्याखाली. आईने चपला घातल्या, बरणी पदराखाली धरली आणि माझ्याआधी रिक्षात जाऊन बसली.

प्रत्येक खड्ड्याला ती बरणी छातीशी आवळायची. उधन्याच्या पुलावर तिने हळूच विचारलं, "मरी गयात का व त्या?" मी रिक्षावाल्याला हळू चालवायला सांगितलं.

प्रयोगशाळेत पहिला थेंब सूक्ष्मदर्शकाखाली घेतला. सगळे निपचित. दुसऱ्यातही तेच. मॅडम दोनदा दारात डोकावून गेल्या. देवा, एक तरी ठेव रे! पुढच्या थेंबात कडेच्या कणाआड काहीतरी थरथरलं. थांबलं. मग तुरुतुरु पळालं. मादी होती, शेपटीशी अंड्यांची पिशवी घेऊन.

"आई, ये लवकर!"

तिने भिंगाला डोळा लावला आणि बराच वेळ हलली नाही. बाहेर परीक्षकांचा आवाज आला, मी तिला खांद्याला धरून बाजूला करू लागले, पण ती उठेना.

"पोटुशी शे ना व ही," ती म्हणाली. मग माझ्याशी नाही, खाली काचेवरच्या त्या जिवाशी बोलली, "मन्हा हातनं मीठ कमी पडनं व बाई."