बंदुकीच्या कानात उदबत्ती

भरलेल्या बंदुकीच्या कानात पेटती उदबत्ती खोचून तिच्या तोंडापुढं पोरं बसवणाऱ्या माणसाला तुम्ही काय म्हणाल? भोकरदनमध्ये त्याला इतिहासप्रेमी म्हणतात. वर शाल आणि नारळ देतात.

हा इतिहासप्रेमी म्हणजे तातेराव. सडकेची कंत्राटं घेऊन पोट सुटलं की माणसाला खानदान लागतं. तातेरावानं ते विकत आणलं. दिल्लीच्या दलालाकडून गोऱ्या पलटणींच्या अकरा जुन्या ठासणीच्या बंदुका उचलल्या आणि असईच्या लढाईत आपल्या खापरपणज्यानं त्या हिसकावल्या, असं सांगत सुटला. एकीवर इंग्रजांच्या कंपनीचा बदामाच्या आकाराचा शिक्का आहे. "हे आपल्या घराण्याचं पिंपळपान," असं तो बोट ठेवून सांगायचा आणि शिकलेसवरलेले लोक माना डोलवायचे. तोंडात पेढा असला की मान आपोआप डोलते.

पण गोष्ट तातेरावाची नाही. त्याची लायकी नाही. गोष्ट राजानंद हिवाळेची आहे.

राजानंदचं बसस्टँडमागं वेल्डिंगचं दुकान. शिक्षण सातवी. बाप दुसऱ्याच्या शेतावर रखवालीला होता, मालकाची ठासणीची बंदूक घेऊन रानडुकरं हाकायचा. त्यानं पोराकडून एकच धडा घोटून घेतला होता. बंदूक हातात आली की आधी नळीत गज सोडायचा, मग तोच गज बाहेरून नळीला लावून बघायचा. कानापर्यंत, म्हणजे बार पेटवायच्या भोकापर्यंत पोचला तर रिकामी. अलीकडं थांबला तर आत बार आहे. "बंदूक म्हातारी व्हती, बार म्हातारा होत न्हाई," बाप म्हणायचा.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी तातेरावानं राजानंदला भिंतीत आकडे बसवायला बोलावलं. राजानंदनं टांगायच्या आधी प्रत्येक बंदुकीत गज सोडला. दहा रिकाम्या. शिक्केवालीत गज चार बोटं अलीकडं थांबला. तीनदा सोडला, तीनदा थांबला.

"आण्णा, ही भरलेली हाय."

"दोनशे वर्षांची चीज हाय ती. तुझ्या दुकानातलं नळकांडं न्हाई."

"म्हणूनच म्हणून राह्यलो. बाजूला ठिवा. पाणी वतून रिकामी करून देतो, तासाभराचं काम."

"पाणी? आरं, दिल्लीवाल्यानं सांगितलंय, पाणी गेलं की किंमत मातीत!"

"खापरपणज्यानं हिसकावली म्हणता, मंग दिल्लीवाला कुठून आला?"

सांगितलेला चहा मागं फिरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी राजानंद राहिलेला एक आकडा बसवायला गेला, तर हॉल माणसांनी भरलेला. तातेरावाच्या आमंत्रणावरून संध्या मॅडम सहावीचा वर्ग घेऊन आल्या होत्या. पहिल्या रांगेत राजानंदची पोरगी पायल. समोर पाटावर, शेंदूर-झेंडूनं मढवलेली, नेमकी तीच बंदूक. फोटोत शिक्का दिसावा म्हणून कुशीवर आडवी ठेवलेली आणि नळीचं तोंड पोरांकडं. उदबत्तीचं घर सापडेना, म्हणून तातेरावानं उदबत्ती सरळ कानात खोचलेली.

"बघा, पूर्वजांनी उदबत्तीची बी सोय करून ठिवली व्हती!" तातेराव म्हणाला. लोक हसले.

उदबत्ती निम्म्यावर आली होती. निखारा खाली सरकत होता.

राजानंद पुढं झाला. तातेरावानं हात आडवा घातला. "पूजा झालीय. आता शिवायचं न्हाई तू."

काल ह्याच हातांनी अकरा बंदुका खांद्यावर वाहिल्या, तेव्हा शिवाशिव झोपली होती. शेंदूर लागला आणि जागी झाली!

"मॅडम, पोरं उठवा! आधी उठवा, मंग इचारा!"

संध्या मॅडमनी एकदाच त्याच्या तोंडाकडं बघितलं आणि पोरं कडेच्या भिंतीला लोटली. राजानंदनं तातेरावाला खांद्यानं सारलं, उदबत्ती उपटली, कलशावरचा नारळ बाजूला फेकला आणि पाणी कानात ओतलं.

मग काय, पूजा बाटली, मस्ती आलीय, धरा त्याला. तिघांनी कॉलर पकडली.

"सोडा त्याला," संध्या मॅडम कडाडल्या. "तो काय दाखवतोय ते बघू द्या."

राजानंदनं गजाच्या टोकाला स्क्रू जोडला आणि बाजूला उभं राहून नळीत फिरवला. आधी कुजक्या चिंध्यांचा बोळा निघाला. मग शिशाची गोळी, चांगली बोराएवढी. मग काळा चिखल, आणि त्यात पाणी न पोचलेली दारूची एक कोरडी चिमूट. ती त्यानं पत्र्यावर ठेवून काडी लावली. भक्कन पेटली. पायल मॅडमच्या पदराला धरून बघत होती.

 सगळ्यात आधी तोंड उघडलं ते तातेरावानं. "मला अंदाज व्हताच," म्हणाला.

तिसऱ्या दिवशी पेपरात बातमी: 'तातेरावांच्या प्रसंगावधानाने अनर्थ टळला.' आता ती गोळी काचेच्या डबीत आहे, खाली पाटी: 'शोध – तातेराव'. राजानंद पाटी बदला म्हणून सांगायला गेला, तर उत्तर मिळालं, "पूजा बाटवली ते माफ केलं, ते कमी हाय का?" तेव्हापासून राजानंदनं त्या घरचं काम सोडलं. पायल मात्र वर्गात ज्याला त्याला खरं काय घडलं ते सांगत असते.

तुम्ही कधीतरी तो हॉल बघायला जाल. जा. पण डबीपुढं उभं राहून चारचौघांत मोठ्यानं विचारा, ही बंदूक रिकामी कुणी केली? आणि तातेरावाच्या तोंडून राजानंद हिवाळेचं नाव निघेपर्यंत तिथून हलू नका.