बाजू मांडा, वकीलसाहेब

नगरच्या लॉ कॉलेजात एक कारकून होते. प्रवेशासाठी आलेल्या प्रत्येकाला ते 'वकीलसाहेब' म्हणत, आणि प्रवेश झाला की 'गाढवा'. तोंडात कायम सुपारी, त्यामुळे बोलणं आखूड. कुणाचे गुण वर-खाली दिसले की चष्मा काढून ठेवत, पेपरवेट टेबलावर आपटत आणि म्हणत, "बाजू मांडा."

बी.ए.ला पहिल्या आणि शेवटच्या वर्षी माझे गुण चांगले होते. मधल्या, दुष्काळाच्या वर्षी मात्र जेमतेम पास. लाजेपोटी मी टायफॉइड झाल्याचं सांगितलं.

"साक्षीदार फुटतोय, वकीलसाहेब. खरं बोला."

"खर्ड्याचा हाय मी. दुष्काळी कामावर खडी फोडत हुतो. अभ्यास झालाच न्हाई."

त्यांनी चष्मा चढवला आणि माझे कागद घेऊन ते प्रिन्सिपॉलसाहेबांच्या खोलीत गेले. बराच वेळ आतून त्यांचाच आवाज येत होता. इतकं बोलताना मी त्यांना पुढेही कधी ऐकलं नाही. बाहेर आले ते सुपारी कातरतच.

"उद्या वेळेवर ये, गाढवा."

पुढे नगरच्या कोर्टात आयुष्य गेलं. सगळे मला वकीलसाहेब म्हणतात. ते ऐकलं की अजूनही वाटतं, आपला प्रवेश व्हायचाच आहे.