ऐंशी मिली तेल

आमच्या वन्सं गाड्यांचे एसी दुरुस्त करतात असं सांगितलं, की लोक विचारतात, "म्हणजे माणसं ठेवलीत का कामाला?" माणसं कुठली? सगळं त्या स्वतःच करतात. सासरे फ्रीज दुरुस्त करायचे. त्यांच्या मुलाने, म्हणजे आमच्या ह्यांनी, पान्हा हातात घेतला की नट घट्ट व्हायच्या ऐवजी झिजायचा. मग हत्यारांची पेटी आपोआप मुलीकडे गेली. आज वन्सं पंचावन्नच्या आहेत. पदराची भानगड नको म्हणून कामाला पंजाबी ड्रेस, वरून जाड कापडाचा एप्रन आणि चष्म्याला दोरी. एखाद्याने फार शहाणपणा केला, की त्या चष्म्यावरून नुसतं बघतात. तेवढं पुरतं.

सासऱ्यांचा एक नियम त्यांनी डोळे मिटून पाळला. जुना कॉम्प्रेसर उतरवला की त्यातलं तेल मापाच्या ग्लासात ओतायचं, आणि जेवढं निघालं तेवढंच नव्यात ठेवायचं. नव्या कॉम्प्रेसरमध्ये सगळ्या यंत्रणेला पुरेल इतकं तेल भरून येतं, पण गाडीच्या पाइपांत आधीचं थोडं असतंच. दोन्ही मिळून जास्त झालं, तर थंडावा कमी होतो. तीस वर्षांत हा नियम कधी चुकला नव्हता.

त्या दिवशी सकाळी आठला मास्तर आले. शाळेतून निवृत्त झालेले, बोलताना अजून समोर वर्ग बसल्यासारखे. पण त्या दिवशी त्यांचा आवाज उतरला होता. त्यांची बायको लाँड्रीत कामाला होती. दोन वर्षांपूर्वी तिथला बॉयलर फुटला आणि तिची पाठ, छाती, दोन्ही दंड भाजले. जीव वाचला, पण भाजलेल्या कातडीला घाम येत नाही. उन्हात ताप चढावा तसं तिचं अंग तापत जातं आणि शुद्ध हरपते. सहा तासांवरच्या इस्पितळात दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया होती. संध्याकाळी आठच्या आत दाखल व्हायचं, नाहीतर पुन्हा चार महिने थांबायचं. तिला झोपून जाता यावं म्हणून मास्तरांनी गाडीचं मागचं आसन काढून फळी बसवून घेतली होती, त्यामुळे दुसरी गाडी चालणार नव्हती. आणि आदल्या संध्याकाळी करकर आवाज करत एसी बंद पडला होता.

"साडेबारापर्यंत होईल का, ताई?"

वन्संनी बॉनेट उघडून कॉम्प्रेसरची चकती हाताने फिरवून बघितली. ती हलेना. "जाम झालाय. नवा बसवावा लागेल. मास्तर, तुम्ही तिकडे बसा. माझ्या डोक्यावर उभे राहिलात, तर मला पाढे चुकल्यासारखं होतं."

मी जेवणाचा डबा घेऊन गॅरेजमध्ये गेले तेव्हा अकरा वाजले होते. जुना कॉम्प्रेसर उतरला होता आणि ग्लासात चाळीस मिली काळं तेल होतं, त्यात लोखंडाचा कीस चमकत होता. हा कीस पाइपांत राहिला तर नव्याचीही वाट लागते. म्हणून वन्संनी सगळे पाइप औषध घालून धुतले, हवा मारून कोरडे केले, ओल शोषणारी नळीही नवी घातली. नव्यातलं तेल ओतून काढलं, त्यातलं चाळीस मिली मोजून परत घातलं. रबरी कड्या बदलल्या, पंप लावून आतली हवा काढली, गॅस भरला. साडेबाराला झोतापुढे धरलेला माझा हात बधिर झाला. मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते हात जोडायला लागले, तर वन्सं म्हणाल्या, "बाईंना घ्या आणि निघा आता. भाषण परत आल्यावर."

गाडी गेली. वन्सं भांडी आवरायला लागल्या. पाइप धुतलेलं औषध बादलीत होतं. बादली उचलली आणि त्या तशाच थांबल्या.

"अगं, हे बघ."

औषधावर तेलाचा जाड थर आला होता.

"पाइपांतलं सगळं तेल इथे आहे," त्या म्हणाल्या. "मी धुऊन काढलं आणि वर पुन्हा चाळीसच घातलं. लागतं एकशेवीस."

"पण गार तर होत होतं ना, वन्सं?"

"होणारच. दोन तास होईल. मग हाही जाम होईल, माळरानाच्या मधोमध."

मास्तरांचा फोन वाजत राहिला. गाडी चालवताना ते फोन घेत नाहीत, शाळेतल्या शिस्तीसारखं. तिसऱ्यांदा लावला तेव्हा बायकोने उचलला.

वन्संचा आवाज मी इतका मऊ कधी ऐकला नव्हता. "बाई, मी गॅरेजमधून बोलतेय. माझ्याकडून चूक झालीय. गाडी सावलीला थांबवा आणि एसी बंद करा. मी येतेय."

पलीकडे बाईंनी मास्तरांना गाडी कडेला घ्यायला सांगितलं. मग, "बंद करू?"

"बंद. दारं उघडा, अंगावर ओली चादर घ्या. कुठे थांबलात ते सांगा, मी पोचतेच."

स्कूटरवर मी मागे, मांडीवर तेलाचा डबा, मुठीत पितळी पिचकारी. वन्सं एरवी खड्डा दिसला की स्कूटरवरून उतरणाऱ्या. त्या दिवशी खड्डेच घाबरले असतील. मी दोनदा "सावकाश" म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटलं नाही.

गाडी उड्डाणपुलाखाली होती. सावली होती, पण वारा भट्टीतून आल्यासारखा. मास्तर पुठ्ठ्याने वारा घालत होते. फळीवरच्या बाईचा चेहरा लालबुंद झाला होता, ओठ कोरडे. मी चादरीला हात लावला. जवळजवळ वाळली होती. बाटलीतलं पाणी त्यावर ओतलं.

"ताई, तुम्ही तर म्हणाला होतात..." मास्तर सुरू झाले.

"म्हणाले होते. चुकलं. शिव्या नंतर द्या, आधी बॉनेट उघडा."

पिचकारीत तीसच मिली मावत होतं, म्हणजे तीन वेळा भरायचं, तिसऱ्यांदा वीस. नळीच्या तोंडाला जोडून स्क्रू पिळायचा, की आतल्या दाबाविरुद्ध तेल इंच इंच सरकणार. घाई केली तर जोडातून बाहेर उडणार. वन्संच्या मनगटाची शीर टरारली. पहिली पिचकारी गेली. दुसरी भरताना डबा जरा जास्त कलला आणि चार थेंब डांबरावर पडले.

"चार मोजले?" त्यांनी मला विचारलं.

"चारच."

"तेवढे वरून घालते."

मागून बाईचा आवाज आला, जड झालेला. "अहो, तो पुठ्ठा मला द्या. तुम्हीच पडाल."

"गप पडून राहा," मास्तर ओरडले आणि जोरजोरात वारा घालू लागले.

तिसरी पिचकारी संपली. इंजिन बंद ठेवूनच वन्संनी कॉम्प्रेसरची चकती हाताने वीस वेळा फिरवली. आत साचलेलं तेल सगळीकडे लागलं पाहिजे, नाहीतर सुरू करताना झटका बसतो. मास्तर घड्याळ बघत होते. मग त्यांनी चावी फिरवली. एसी सुरू झाल्याचा टक् असा आवाज झाला. वन्संनी लांब पेचकसाचं टोक कॉम्प्रेसरला आणि मूठ कानाला लावली, आणि डोळे मिटले. पुलावरून एक ट्रक गेला, दुसरा गेला. त्यांनी डोळे उघडले नाहीत.

"जा," त्या शेवटी म्हणाल्या. "दर तासाला थांबून मला फोन करायचा. नुसतं 'गार आहे' नको. फोन बॉनेटजवळ धरायचा. मला ऐकायचंय."

दोन वाजता फोन आला. तीनला आला. चारला आला नाही. वन्संनी दुसरी गाडी घेतलीच नाही. जेवणाचा डबाही तसाच होता. मी म्हटलं, "रेंज नसेल." त्या म्हणाल्या, "असेल," आणि एकच पान्हा तीनदा पुसला. पाच वाजून गेल्यावर फोन वाजला. बाईंचा होता.

"ताई, इथे मघाशी फोनच लागत नव्हता. अहो, पाय गारठलेत माझे. हे म्हणतात, तुम्हाला विचारल्याशिवाय बटणाला हात लावायचा नाही. जरा कमी करू का?"

"करा की," वन्सं म्हणाल्या. "एका आकड्याने करा."

आणि मग त्या दिवसभरात पहिल्यांदा स्टुलावर बसल्या.