सकाळी आठची नदी

मैमूनाचाचीनं परातीत ज्वारीचं पीठ घेतलं, त्यात आधणाचं पाणी सोडलं आणि पहिला गोळा मळायला घेतला, तेवढ्यात दाराची कडी वाजली. सव्वाआठ झाले असतील. डोहगावात या वेळेला कुणी कडी वाजवत नाही. ज्याला यायचं तो हाक मारत थेट चुलीपर्यंत येतो.

"अजी, देखो तो कौन है," तिनं आतूनच सांगितलं. लालमियाँ नुकतेच नदीवरून आले होते आणि अंगणात पायावर पाणी घेत होते. दोन वर्षांपूर्वी अंगावरून वारं गेल्यापासून त्यांचा डावा पाय जरा ओढतो, त्यामुळे ते दारापर्यंत पोचायच्या आत चाचीच पिठाच्या हातानं पुढं झाली.

दारात पंचविशीची एक मुलगी उभी होती. हातात हेल्मेट, पाठीला पिशवी, चपला चिखलानं भरलेल्या.

"नदीची पट्टी वाचायचे ते लालमियाँ चाचा इथंच राहतात ना?"

"वाचायचे काय, अजून वाचून राह्यलेत," चाची म्हणाली. "सरकारनं पट्टी उपटून नेली, पण ह्यांची खोड कोण उपटणार? ये, आत ये. चपला राहू दे तिथंच."

मुलगी हसली. नाव साधना. भोकरदनकडच्या हसनाबादची, शेतकऱ्याच्या घरातली. आता विद्यापीठात नदीचा अभ्यास करते म्हणाली. पहाटेच निघून जालन्यावरून गाडी चालवत आली होती. हे ऐकल्यावर चाचीनं तिला काही विचारलंच नाही. तवा ठेवला, भाकरी थापली आणि ठेच्याबरोबर पुढं ठेवली.

लालमियाँ खाटेवर बसले. नदीबद्दल विचारायला कुणी घरी आलं, असं निवृत्तीनंतर पहिल्यांदाच घडत होतं. त्यांनी टोपी नीट केली, चष्मा पुसला, परत एकदा पुसला. चाचीच्या नजरेतून ते सुटलं नाही.

एक्याण्णव साली लालमियाँना ही नोकरी लागली. घाटाशेजारी नदीत आकडे कोरलेली लोखंडी पट्टी रोवलेली होती. रोज सकाळी आठ वाजता तिच्यावर पाणी किती आलं ते बघायचं, वहीत लिहायचं, बाटलीभर गढूळ पाणी भरून घ्यायचं, बाटलीवर तारखेची चिठ्ठी लावायची. पूर आला की तासातासाला जायचं. दिसायला एवढंच काम. पण त्या आठ वाजण्याभोवती चाचीचा सगळा संसार बांधलेला होता. माहेरी टेंभुर्णीला जायचं तर आठनंतर. कुणाच्या मयतीला जायचं तर आठनंतर. फहीमच्या वेळेला ती अंबडच्या दवाखान्यात कळा देत होती आणि हे दहा वाजता दारात उगवले. पोराचं तोंड बघायच्या आधी पहिलं वाक्य काय, तर "आज पाणी दोन मीटर चाळीस आहे."

फहीम आता तिशीच्या पुढं गेला, जालन्यात कामाला आहे. पण ते दोन मीटर चाळीस चाचीनं अजून माफ केलेलं नाही. भांडणात हमखास निघतं.

गावातले लोकही गंमत करायचे. "लालमियाँ, आज नदी काय म्हणून राह्यली?" म्हणून पारावरून ओरडायचे. हेही थांबून बराबर आकडा सांगायचे. विचारणाऱ्याला तो नको असायचा, हे त्यांच्या कधी ध्यानात आलं नाही.

"पण पोरी, एवढ्या लांबून तू आमच्या नदीला कशाला आलीस?" चाचीनं विचारलं.

साधनानं भाकरीचा घास हातातच धरला. "चाची, ही गोदावरी खाली आंध्रात समुद्राला मिळते ना, तिथं तिचे फाटे होतात. शाळेत त्रिभुज प्रदेश म्हणून शिकवतात, तो. ती सगळी जमीन नदीनंच इकडून माती नेऊन तयार केलेली आहे. आता वाटेत धरणं झाली, वीजघरं झाली. गाळ धरणातच बसतो. तिकडं नवी माती पोचेना आणि समुद्र तर वर चढून राह्यला. गावंच्या गावं कडेकडेनं झिजायला लागलीत. विहिरींना खारं पाणी लागलं."

"म्हणजे आपल्या वाट्याची माती त्यांना मिळंना," चाची म्हणाली.

"तसंच."

चाचीला हे नवीन नव्हतं. ती लग्न होऊन आली तेव्हा पूर ओसरला की घाटाच्या पायऱ्यांवर लोण्यासारखा गाळ बसायचा. बायका टोपल्या घेऊन पळायच्या. चूल सारवायला तोच, केस धुवायलाही तोच. हळूहळू तो येईनासा झाला. आता पूर गेला की खडे राहतात आणि प्लास्टिकच्या पिशव्या. पावसाचंही तसंच. महिना महिना तोंड दाखवत नाही, आणि मग महिनाभराचं सगळं एका दिवसात आणून ओततो.

"यात धरणाचा वाटा किती आणि बदललेल्या पावसाचा किती, हे मला वेगळं करायचंय," साधना सांगत होती. "त्याला रोजचे जुने आकडे लागतात. या टापूत सलग अठ्ठावीस वर्षं, एकाच माणसाच्या हातचे आकडे फक्त चाचांचे आहेत. एक दिवस सुटलेला नाही."

लालमियाँ बसल्या जागी ताठ झाले. चाचीनं चहा टाकला. साखर जरा जास्तच पडली.

मग साधनानं पिशवीतून कागद काढले आणि उगीचच खालीवर करत बसली. चाचीनं दोन पोरं वाढवलेली होती. सांगायचं आहे पण तोंड उघडत नाही, ही गत ती लांबून ओळखायची.

"नड काय आहे ते बोल बेटा," लालमियाँच म्हणाले.

"चाचा, २००६ पासून पुढं दहा-अकरा वर्षं एक चमत्कारिक गोष्ट दिसते. दर पावसाळ्यात साधारण एक महिना पाणी एकदम खाली दाखवलंय. वर-खाली दुसऱ्या गावांच्या पट्ट्यांवर तसं काही नाही, फक्त तुमच्या. आणि तो महिना दरसाल दहा-अकरा दिवस अलीकडं सरकतो. नदी असं करत नसते." ती थांबली. "माझे सर म्हणतात, त्या दिवसांत चाचा घाटावर गेलेच नसतील. घरी बसून अंदाजानं आकडे भरले असतील. तसं असेल तर या पट्टीचे सगळेच आकडे बाजूला ठेवावे लागतील. मी म्हटलं, एकदा माणसाला विचारून येते."

चुलीवर चहा उतू गेला. चाचीनं पातेलं उतरवलं आणि तशीच हातात धरून उभी राहिली.

लालमियाँनी चष्मा काढला. अर्धांगाच्या वेळेला दवाखान्यात उठून बसता येत नव्हतं तेव्हाही त्यांचा चेहरा असा झाला नव्हता. ते म्हणाले, "तुझ्या सरांना बोल लावता येत न्हाई. समोर जे लिहिलंय तेच ते वाचणार. पण बेटा, मी जात होतो. पुरात गेल्तो, तापात गेल्तो. पाणी कमी का दिसतं, मला न्हाई सांगता येत."

"तारखा सांग," चाची म्हणाली.

"काय, चाची?"

"कधी कमी दाखवलं त्या तारखा वाच."

साधनानं कागद पुढं घेतला. "२००८ ला सगळा सप्टेंबर. २०१० ला बारा ऑगस्टपासून दहा सप्टेंबरपर्यंत. २०१२ ला एकवीस जुलैपासून..."

"थांब."

बारा साली जुलैमध्ये धाकट्या लेकीनं, साजियानं, पहिला रोजा धरला होता. दहा वर्षांची पोर. फुलांचा हार घालून, सुरमा लावून मिरवत होती, आणि दुपारी चार वाजता पाण्याच्या माठाला पाठ लावून बसली होती. शुक्रवार होता. चाचीला तो दिवस काल झाल्यासारखा आठवत होता.

ती आतल्या खोलीत गेली. लोखंडी पेटीवरच्या गोधड्या खाली टाकल्या आणि झाकण उघडलं. झाकणाला आतून गंज लागू नये म्हणून ती कागद चिकटवायची, आणि घरात चांगला जाड कागद म्हणजे एकच. रमजान आला की अंबडचे दुकानदार सहर-इफ्तारच्या वेळांचे तक्ते छापून वाटतात. ईद झाली की तो तक्ता पेटीच्या झाकणाला. सालावर साल असे थर बसलेले.

"इकडं ये पोरी. तुझा कागद घेऊन ये."

साधना पेटीपुढं गुडघ्यांवर बसली. एक एक तक्ता नखानं सोडवत तारखा लावत गेली. बारा साल. दहा साल. नऊ साल. एकही तारीख चुकेना. आता तिचा आवाज बारीक झाला. "चाची, हा रमजान आहे."

"रमजानच. आणि चूक ह्यांची न्हाई, माझी आहे."

लालमियाँ दाराच्या चौकटीला धरून उभे होते. चाचीनं त्यांच्याकडे न बघताच सांगितलं. नोकरीच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. सहरीचं खायला अंधारात उठायचं, पहाटेची नमाज पढून यायचं आणि मग डोळा लागायचा. एके दिवशी लालमियाँना उठायला साडेआठ वाजले. सदऱ्याची बटणं न लावता नदीकडं पळाले. तेव्हा तीच म्हणाली होती, नमाज झाली की मशिदीतून तसेच घाटावर जा, आकडा घ्या, मग घरी येऊन खुशाल झोपा. हे म्हणाले, वहीत वेळ आठची छापलेली आहे. तर ती म्हणाली, "आठ काय अन् साडेपाच काय, नदी तीच आहे ना? कुठं पळून चाललीय?"

"तवापासून रमजानात हे उजाडता उजाडता जात होते," ती म्हणाली. "मला काय ठाऊक दोन-अडीच तासांत नदी बदलती म्हणून."

"आधी बदलत नव्हतीच," साधना म्हणाली. ती पेटीला टेकून खालीच बसली होती. "आधीच्या सालांत रमजान हिवाळ्यात यायचा. तेव्हा धरणातून पाणीच सुटायचं नाही, फरक कुठून दिसणार? पुढं तो सरकत सरकत पावसाळ्यात आला. चाची, संध्याकाळी गावोगाव दिवे लागले की विजेची मागणी वाढते. मग वरच्या धरणाच्या वीजघरातून पाणी सोडतात. ते रात्रभर वाहत तुमच्या घाटावर पोचायला सकाळचे सात वाजतात. चाचा साडेपाचला बघत होते, तेव्हा ते पाणी अजून वाटेत होतं. आठला बघितलं असतं तर चढलेलं दिसलं असतं."

"मंग आकडे खोटे न्हाईत?"

"एकही नाही. वेळ तेवढी चुकीची लिहिली गेली. आणि खरं सांगू? वीजघराचं पाणी यायच्या आधीची नदी कशी असते, हे दुसऱ्या कुणाच्याच वहीत नाही. सगळे आठलाच बघत होते. मला हे आकडे फार कामाला येतील. फक्त वेळ चुकली होती, हे मला लिहावं लागेल."

"लिही," लालमियाँ म्हणाले. "चूक झाली ती झाली."

पण आवाजात जीव नव्हता. ते परत खाटेवर जाऊन बसले. चहावर साय धरली तरी कपाला हात लागला नाही. साधनानं पेटीच्या झाकणाचे फोटो काढले, रमजानात ते घाटावर बराबर किती वाजता पोचायचे ते विचारून लिहून घेतलं. ते नीट उत्तरं देत होते, पण नजर खाली. चाचीला कळत होतं. आकडे बचावले, पण कुठल्यातरी शहरात एक शिकलेला माणूस अजून असंच समजून होता की डोहगावचा लालमियाँ घरी पडून वही भरत होता. वेळ चुकल्याचं दुःख त्यांना होतंच. त्याहून हे जास्त लागलं होतं.

अकरा वाजता साधनानं पिशवी आवरली. दोघांच्या पाया पडायला वाकली तर लालमियाँनी तिला मधेच थांबवलं आणि डोक्यावर हात ठेवला.

"येते चाचा. आठवड्याभरात सरांना सगळं लिहून पाठवते."

ती चपला घालायला अंगणात गेली. चाची तिच्या मागोमाग गेली आणि तिच्या दंडाला धरलं. मनगटाला अजून वाळलेलं पीठ होतं.

"पोरी, एक काम करशील?"

"बोला ना चाची."

"आठवडा नको. आत्ता सरांना फोन लाव, इथं ह्यांच्यासमोर, आणि सांग की लालमियाँ रोज नदीवर जात होते."