कामिनीमामीची तोंडी परीक्षा

माझी कामिनीमामी बोलायच्या आधी नाकातून एक छोटा "हं" काढते, मग वाक्य. हं, दीक्षा, चहा मांड. हं, भांडी राहू दे. हा "हं" मला हुबेहूब जमतो. एकदा मी स्वयंपाकघरातून तो नुसता काढला, तर सुशीलमामा बाहेरच्या खोलीतून "आलो, आलो" करत उठून आला.

मामी पारशिवनीची. लग्न होऊन जरीपटक्याला आली, तेव्हापासून घरी बसून साड्यांना फॉल लावते. आता सुईत दोरा ओवताना डोळ्यांतून पाणी यायला लागलं, म्हणून तिनं रुग्णसहायकाच्या कोर्सला नाव घातलं. जवळच्या दवाखान्यातल्या सिस्टरनं सांगून ठेवलं होतं, की पास झालीस तर वॉर्डात घेते, नाही झालीस तर जागा दुसरीला. म्हणजे एकीकडे वॉर्ड, दुसरीकडे पुन्हा तीच सुई.

शेवटची परीक्षा तोंडी, आणि मामीचा सगळा भरवसा वहीवर.

ती वही तुम्ही पाहायलाच हवी होती. खाकी कव्हर, पहिल्या पानावर सुबक अक्षरात 'नमो बुद्धाय', पुढे मथळे लाल, व्याख्या हिरव्या, बाकी निळं. महत्त्वाच्या ओळीवर पिवळा हायलायटर. मामीला सगळंच महत्त्वाचं वाटायचं, त्यामुळे पानंच्या पानं हळद लागलेल्या नवरीसारखी दिसायची. पुस्तकातली एक ओळ ती सोडत नसे. 'आकृती पुढील पानावर पाहा' हेसुद्धा तिनं उतरवलं होतं, आणि पुढच्या पानावर आकृती नव्हती.

सराव परीक्षेत सरांनी विचारलं, अंथरुणाला खिळलेल्या पेशंटची कूस कशासाठी बदलायची. मामीला ते पान लख्ख दिसत होतं. डावीकडचं, खालचा परिच्छेद, बाजूला चहाचा डाग. फक्त त्यात काय लिहिलं होतं, तेवढं दिसेना.

"हं, सर," ती म्हणाली, "ते हिरव्या पेनानं हाय."

वर्ग हसला. घरी येऊन तिनं स्वतःच आम्हाला ते करून दाखवलं, आम्हीही पोट धरून हसलो. मग तिचं हसू हळूहळू विरलं आणि ती फॉलचा गठ्ठा ओढून बसली. मामानं सल्ला दिला, की आणखी एकदा लिहून काढ. तिनं दुसरी वही आणली, आणि सोबत जांभळा पेन.

दिवस थंडीचे, म्हणजे तुरीच्या शेंगांचे. शेजारच्या रंभाबाईंनी अंगणात उन्हात ढीग ओतला होता आणि आम्हा दोघींना त्यातले सोले, म्हणजे ओले दाणे, काढायला बसवलं होतं. रंभाबाईंचा आवाज वाक्याच्या शेवटी वर चढतो, जणू शब्द पत्र्यावर फेकून राहिल्या. मामी मांडीवर वही उघडी ठेवून सोलत होती.

"वही ठेव वं बाजूले. सोल्याच्या भाजीत कागद शिजवतं का?"

मामीनं वही पदरानं पुसून ओट्यावर ठेवली. एवढं रोज काय लिहिते, असं रंभाबाईंनी विचारलं. मामी म्हणाली, हेच, की पडून असलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी.

"काहून?"

या 'का'साठी मामीचा हात वहीकडे गेला आणि हवेतच थांबला. शेंगांनी बोटं हिरवी, चिकट झाली होती. त्या बोटांनी ती वही? शक्यच नाही. माझेही हात तसेच.

"सांग ना वं. का गुरुजीनं म्हटलं न् तू लिहून घेतलं?"

आता इज्जतीचा सवाल होता. मामी चाचपडत बोलायला लागली. एकाच जागी भार पडून राहतो. मग तिथं रक्त पोचत नाही. मग कातडी मरते, जखम होते. कुठं कुठं, रंभाबाईंनी विचारलं. माकडहाड, खुबे, टाचा... पुढचं आठवेना. मामी भिंतीला पाठ टेकून थोडी सरकली, आणि जिथं टोचलं तिथं हात नेला. खांद्याची हाडं.

रंभाबाईंची शेंग हातातच राहिली. "आमच्या बुढ्याच्या टाचा तशाच फुटल्या होत्या," त्या म्हणाल्या. "आम्हाले कोणी सांगितलंच नाही वं."

त्या दिवशी मामीनं हात धुऊन वही उघडली ती फक्त कुठं अडखळलं ते पाहायला. तेवढंच एका साध्या कागदावर लिहिलं, निळ्या पेनानं, चार शब्दांत. मग हाच रिवाज पडला. आधी रंभाबाईंना तोंडी सांगायचं, अडलं तेवढंच लिहायचं, आणि दोन दिवसांनी तेच पुन्हा सांगायचं. रंभाबाई लेकीकडे मौद्याला गेल्या तेव्हा "काहून?" म्हणायचं काम माझ्याकडे आलं. मी आवाज असा चढवला, की मामीनं एकदा दचकून दाराकडे पाहिलं.

परीक्षेला बाहेरून आलेल्या मॅडम चष्म्यावरून पाहणाऱ्या, गप्प गप्प. त्यांनी विचारलं, ताप चढलेल्या पेशंटचं अंग कशानं पुसायचं. कोमट पाण्यानं, बर्फाच्या नाही, मामी म्हणाली. मॅडमनी मान हलवली आणि पुढचं ऐकायला थांबल्या. मामीही थांबली. मॅडमनी पेन उचलला.

"हं, मॅडम," मामी म्हणाली, "तुम्ही काहून म्हणा ना जरा. त्याशिवाय माझं पुढं निघत नाही."

मॅडमनी पेन खाली ठेवला. हसू दाबत म्हणाल्या, "बरं. काहून?"

मग मामी सुटली. थंडगार पाण्यानं कातडीखालच्या नसा आखडतात, आतली गर्मी आतच राहते, वरून माणूस कुडकुडला की आणखी गर्मी तयार होते. एवढं सांगून ती थेट मॅडमना म्हणाली, "समजलं का वं बाई?" आणि मग तिचं तिलाच ऐकू आलं. मॅडम म्हणाल्या, समजलं.

मामी पास झाली. रंभाबाईंनी सर्टिफिकेट उलटंपालटं पाहिलं आणि "माझं नाव कुठं हाय?" म्हणून विचारलं.

परवा मामीचा डबा पोचवायला मी वॉर्डात गेले. मामी एका म्हातारीच्या मुलाला कूस बदलायचं समजावून सांगत होती. तो घाईनं म्हणाला, कळलं ताई, कळलं. मामीनं स्टूल ओढलं आणि बसली.

"हं, मग आता तुम्ही मले सांगा," ती म्हणाली. "काहून?"

त्यानं घड्याळाकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि चाचपडत सुरुवात केली.