कूलरसमोरचा पियानो

१९७८ च्या मे महिन्यात आमच्या धंतोलीतल्या घरी पियानो आणि गिटारची एक प्रायोगिक तबकडी ध्वनिमुद्रित झाली. पियानो मी वाजवला. निदान तेव्हा तरी माझा तसा समज होता.

पियानो अजनीतल्या एका निवृत्त रेल्वे गार्डाकडून घेतलेला. गिटार धाकटा भाऊ प्रभाकर वाजवायचा. आधी काहीही बसवायचं नाही, बसल्या जागी सुचेल ते वाजवायचं, अशी आमची पद्धत. (वडिलांनी ती शांतपणे समजावून घेतली आणि विचारलं, "म्हन्जे जे येत नाही तेच वाजवाचं?") मी वकिलीचा अभ्यास अर्धवट सोडल्यापासून ते माझ्याशी मोजकंच बोलत. त्यांची अट मात्र स्वच्छ होती. "तुह्या नावाची तबकडी निघाली तं नागपुरात राह्य. नाही तं नरखेडले जाय अन् संत्र्याची बाग पाह्य!"

मुंबईच्या एका लहानशा कंपनीचे देसाई ध्वनिमुद्रणाचं यंत्र घेऊन घरीच येणार होते. नेमकं त्याच आठवड्यात वर्ध्याला एका मित्राचं लग्न निघालं. प्रभाकरला घेऊन निघताना मी आईला बजावलं, "पियानोला गरम हवा लागू देऊ नको. लाकूड तडकतं."

नागपुरात मे महिन्यात कूलरसमोरची जागा घरातल्या कर्त्या पुरुषाची असते. जावई आला, तर जावयाची. आईनं ती पियानोला दिली. वडील व्हरांड्यात गेले! वारा आतपर्यंत जावा म्हणून तिनं पियानोचं वरचं झाकणही उघडं ठेवलं आणि वाळ्याच्या ताट्यांवर येता-जाता पाणी मारलं. लाकूड तडकलं नाही. फुगलं.

आम्ही परतलो तेव्हा देसाई यंत्र जोडून तयार होते. आवाज नको म्हणून कूलर बंद, दारं-खिडक्या बंद. मी पहिला सूर वाजवला. पट्टी खाली गेली आणि खालीच राहिली. दुसरीही. सूर मात्र घुमत राहिले. पट्टी वर आल्याशिवाय पियानोचा सूर लगेच थांबत नाही, आणि पुन्हा वाजवताही येत नाही.

"काहून रे, बसल्या काय?" आई पुढे आली.

"आई, तू आत जा."

"कशी जाऊ? तू दाब, मी उचलते."

पदर खोचून ती माझ्या शेजारी उभी राहिली आणि मी दाबलेली एकेक पट्टी नखानं उचलू लागली. देसाईंनी यंत्र बंद केलं नाही. थोड्याच वेळात आईला स्वतःची मतं सुचू लागली.

"ती डावीकडची उचल ना!" मी कुजबुजलो.

"नाही उचलत. म्हशीवानी आवाज येते तिचा."

"आई!"

"ह्या दोघी चांगल्या लागून राहिल्या. ह्याच वाजव."

तिनं उचललेल्या पट्ट्यांखेरीज मला वाजवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. प्रभाकर माझ्याकडे पाहणं सोडून तिच्या नखांकडे पाहत गिटार छेडू लागला. (सख्खा भाऊ!) बाहेरून वडील ओरडले, "अवं, झालं काय? कूलर लाव वं!"

"थांबा ना जी! आमचं सुरू आहे!" आई म्हणाली.

'आमचं' हा शब्द तबकडीवर स्पष्ट ऐकू येतो.

मग दूध उतू गेल्याचा वास आला आणि ती स्वयंपाकघरात धावली. मी घाबरून तिनं उचललेल्याही सगळ्या पट्ट्या दाबून बसलो. सूर घुमले, विरत गेले. नुसती गिटार उरली. आई परतली आणि तिनं एका झटक्यात सगळ्या पट्ट्या वर केल्या. प्रभाकरचा हातही थांबला. पूर्ण शांतता! देसाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. (तो घामही असू शकेल; खात्री करता आली नाही.)

"सूर काढणारे मुंबईत ढिगानं आहेत," ते हात जोडून म्हणाले. "कुठला थांबवायचा हे कळणारं माणूस आज भेटलं."

"धन्यवाद," मी म्हणालो. ते आईकडे पाहत होते.

दिवाळीआधी तबकडी निघाली. वेष्टनावर पियानोसमोर आईचं नाव होतं, गिटारसमोर प्रभाकरचं. माझं नाव मागच्या बाजूला, आभारांत होतं. वडिलांनी चष्मा लावून दोन्ही बाजू वाचल्या.

"तबकडी निघाली गा," ते म्हणाले. "पन तुही नाही निघाली."

देसाईंनी लगेच दुसरी तबकडी मागितली. पट्ट्या दाबायला आईनं शेजारची कुमुद ठरवली. मला नरखेडच्या एसटीत बसवून द्यायला वडील स्टँडवर आले होते. आई आली नाही. तिची प्रॅक्टिस होती.