माझी सकाळ, तिची संध्याकाळ

विजापूर वेशीजवळच्या एका बोळात आमचं लग्नपत्रिका कंपोज करायचं दुकान आहे. आमचं म्हणजे माझं आणि माझ्या पार्टनरचं. टायपिंगच्या क्लासमध्ये आम्ही शेजारी बसायचो, तेव्हापासूनची ओळख. मी थोडी मोठी, म्हणून ती मला ताई म्हणते आणि अहो-जाहो करते. माझं माहेर अक्कलकोटकडचं, त्यामुळे मराठी आणि कानडी पत्रिका माझ्याकडे. उर्दू आणि इंग्रजी तिच्याकडे. तेलुगू दोघींनाही येत नाही. तेलुगू गिऱ्हाईक शेजारी बसून एकेक अक्षर दाखवतं आणि आम्ही ते उतरवतो. त्या पत्रिकांची तक्रार आजवर आलेली नाही. यात आमचं कौतुक किती आणि त्या लोकांचा सोशिकपणा किती, ते सांगता येत नाही.

दुकान सुरू केलं तेव्हा एकच कॉम्प्युटर घेणं जमलं होतं, आणि एकच खुर्ची. म्हणून मी सकाळी आठला दुकान उघडायची आणि ती दुपारी बाराच्या पुढे यायची. एकत्र डबा खायचा, मग मी घरी आणि ती रात्री दुकान बंद होईपर्यंत. हे आम्हाला सोयीचंही होतं. माझं डोकं पहाटेच उघडतं आणि जेवणानंतर बंद होतं. तिचं उलटं. सकाळी तिला काही विचारलं तर ती हो म्हणते. काहीही विचारलं तरी हो म्हणते. असरची, म्हणजे दुपार कलल्यावरची, नमाज झाली की मग ती खरी जागी होते आणि एका बैठकीत चार पत्रिका काढते. पण आम्ही दोघी याला सोय न म्हणता अडचणच म्हणायचो. दुसरा कॉम्प्युटर कधी येतो याची वाट बघायचो.

तो जावयांमुळे आला. आमचे जावई पुण्यात एका कंपनीत आहेत. त्यांचं काम काय ते मला नीट सांगता येत नाही. इतरांचं काम लवकर कसं होईल ते बघायचं, असं मुलगी सांगते. दिवाळीला आले तेव्हा तासभर दुकानात बसले. उठताना म्हणाले, "आई, तुमच्या दुकानाची अर्धी एनर्जी कायम घरी बसलेली असते."

आमच्याकडे जावयाला नाही म्हणायची पद्धत नाही. पुढच्या महिन्यात त्यांनी त्यांचा जुना कॉम्प्युटर, टेबल आणि खुर्ची पाठवली. दोघींनी दहा ते सात एकत्र बसायचं ठरलं. माझ्या मोबाइलमध्ये त्यांनी एक अ‍ॅपही घालून दिलं. मधूनमधून घंटी वाजायची आणि उभं राहून लांब श्वास घ्यायचा. एकदा मंद्रूपचं एक कुटुंब पत्रिकेचा मजकूर द्यायला आलं होतं, तेव्हा ती वाजली. आम्ही दोघी उठलो, म्हणून तेही उठले. कुणी गेलं की काय अशा चेहऱ्यानं सगळे थोडा वेळ उभे होते. मग बसलो आणि मुहूर्त लिहून घेतला.

दहाला दुकान उघडायचं म्हटल्यावर माझी सकाळ घरी जायला लागली. डोकं तर पहाटेच चालू व्हायचं, ते मेथी निवडण्यात आणि तांब्याचे हंडे घासण्यात खर्च व्हायचं. त्या दिवसांत आमच्या घरातले हंडे फार चकचकीत होते. दुकानात पोचेपर्यंत जेवणाची वेळ जवळ आलेली असायची. तिकडे पार्टनर दहाला यायची खरी, पण येताना स्वतःला आणायची नाही.

त्या मंद्रूपच्या पत्रिकेत नवरीचे पणजोबा कैलासवासी होते आणि आजोबा हयात होते. मी पणजोबांची ओळ कॉपी करून आजोबांसाठी खाली टाकली आणि नाव बदललं. नाव बदललं, पण पुढचं 'कै.' तसंच राहिलं. भर दुपारची वेळ होती. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रूफ तपासायला पार्टनरकडे दिलं. नीट बघितलंस ना, असं विचारलं, तर ती हो म्हणाली. नवरीच्या वडिलांनीही बघितलं, पण घरची माणसं तारीख आणि स्वतःचं नाव एवढंच बघतात. पत्रिका छापून गेल्या.

आठवड्याभरात एका संध्याकाळी एक म्हातारे गृहस्थ दुकानात आले. एसटीनं एकटेच आले होते. त्यांनी टोपी मांडीवर काढून ठेवली, पत्रिका माझ्यापुढे धरली आणि विचारलं, "ह्यात मी कुटं हाय?"

मी नावावर बोट ठेवलं.

"त्याच्या आदी काय लिवलंय?"

मी वाचून दाखवलं. ते म्हणाले, "मग मी लग्नाला यायचं का न्हाय?"

मी माफी मागितली, सगळ्या पत्रिका आमच्या खर्चानं नव्यानं छापून देते म्हणाले. त्यांना ते पटेना. पहिली पत्रिका देवापुढं ठेवून झाली होती, आणि देवापुढं ठेवलेली पत्रिका मोडीत काढायची नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. मुलगा दुसऱ्या छापून आणायला निघाला होता, त्यालाही त्यांनी अडवलं होतं. पत्रिका हीच राहिली पाहिजे, फक्त आपण जिवंत असलो पाहिजे, एवढीच त्यांची अट.

पार्टनरनं त्यांना पाणी दिलं आणि पत्रिका उजेडात धरून बघितली. संध्याकाळ झालेली होती, त्यामुळे तिचं डोकं चालत होतं. पाकिटं बंद करायला आम्ही सोनेरी गणपतीचे छोटे स्टिकर ठेवतो. त्यातला एक तिनं 'कै.'वर चिकटवला. बरोबर बसला. आजोबांनी पत्रिका लांब धरून बघितली, जवळ धरून बघितली, आणि मुलाला फोन करून सगळे गठ्ठे घेऊन यायला सांगितलं. मुलगा जीप घेऊन आला. पार्टनर गणपती लावत गेली, मी पाकिटात भरत गेले आणि जावयांच्या खुर्चीत बसून आजोबा प्रत्येक गणपती अंगठ्यानं दाबून पक्का करत राहिले. जाताना म्हणाले, "आता लई चांगलं दिसतंय की."

चारच दिवसांत नवऱ्याकडची माणसं आली. नवरीच्या आजोबांपुढं गणपती आणि आमच्या आजोबांपुढं नुसतंच श्री, हे कसं, असं त्यांनी विचारलं. आम्ही त्यांच्याही पत्रिकांना गणपती लावून दिले.

ते सगळं निभावलं, पण आमच्या दोघींचं बिघडलं. मी म्हणायची, तू तपासलं नाहीस. ती म्हणायची, चूक तुम्ही केलीत. दोन्ही खरं होतं, त्यामुळे भांडण मिटण्यासारखं नव्हतं. एके दिवशी मी तिला म्हणाले की सकाळी तू येतेस कशाला, नुसती उशी पाठवलीस तरी चालेल. ती म्हणाली, "जेवणानंतर तुम्हीसुद्धा नुसत्या खुर्चीत असता, ताई."

मला ते फार लागलं. घरी जाऊनही लागत राहिलं. एवढ्या वर्षांत ती मला असं कधी बोलली नव्हती, आणि कशी बोलणार? माझी दुपार तिनं पाहिली नव्हती. मीही तिची सकाळ पाहिली नव्हती. मी तिला तरतरीत बाई समजत होते आणि ती मला. नंतर बरेच दिवस आम्ही पाठीला पाठ लावून काम केलं. घंटी वाजली की दोघी उठायचो, पण एकमेकींकडे न बघता श्वास घ्यायचो.

शेवटी तिनंच विषय काढला. डबा खाताना, भाकरी मोडता मोडता म्हणाली, "तुमच्या जावयांचा हिशेब चुकीचा नाही. दोघी हुशार एकदम बसल्या तर काम दुप्पटच होईल. पण आपण दोघी एका वेळी हुशार नसतो ना."

मी म्हटलं, उद्यापासून मी आठला उघडते. ती म्हणाली, मग मी बाराला येते. बोलणं एवढंच झालं. पण त्या दिवशी माझ्या डब्यातली वांग्याची भाजी तिनं मागून घेतली, तेव्हा मला बरं वाटलं. अ‍ॅप तिनंच काढून टाकलं. मला काढता येत नव्हतं.

जावयांना काय सांगायचं, ही काळजी होती. उन्हाळ्यात ते आले ते बरेच थकलेले होते. कूलरपुढं सलग दोन दुपारी झोपले आणि तिसऱ्या दिवशी म्हणाले, "आई, इकडे झोप चांगली लागते." मी बरं म्हटलं. ते दुकानात आले तेव्हा दुसरा कॉम्प्युटर चालूच होता. गिऱ्हाइकाला डिझाइन दाखवायला आम्ही तो ठेवतो. ते बघून त्यांना समाधान वाटलं आणि त्यांनी पुढे काही विचारलं नाही.

आता बऱ्याच पत्रिका मोबाइलवरच जातात, काम पूर्वीएवढं नाही. तरी वेळा त्याच आहेत. मधल्या, डब्याच्या तासात आम्ही दोघी दुकानात असतो आणि त्या तासात काम घेत नाही. मागच्या सीझनला मोडनिंबचे एक गृहस्थ आले आणि, दोघी असताना काम का करत नाही, असं विचारायला लागले.

पार्टनर म्हणाली, "दोघी असतो म्हणूनच."

ते बसले. तिनं त्यांना भाकरी आणि शेंगाची चटणी दिली. त्यांची पत्रिका तिनं संध्याकाळी काढली, मी दुसऱ्या दिवशी सकाळी तपासली.